मक्तानची ओहोटी आणि घरातला कापूस

मॅगेलनला लापुलापूने मारलं, हे फिलिपिन्समधलं शाळकरी पोरही सांगतं. त्याला ओहोटीनेही मारलं, हे सांगणारे कमी. मी सेबू शहरात डॉक्टरकी शिकतो. मूळचा धरणगावकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, पाटाचं, नाहीतर तापीचं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा उठून निघून जातं आणि दोनदा परत येतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पायांना कळलं ते मक्तानला.

मक्तान हे सेबू शहराला पुलांनी जोडलेलं बेट. विमानतळ तिथेच आहे, म्हणजे भारतातून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं पहिलं पाऊल याच बेटावर पडतं, आणि बॅगा ओढत तो टॅक्सीत बसून निघून जातो. 500 वर्षांपूर्वी इथे काय झालं याचं त्याला काही पडलेलं नसतं. त्यात त्याची चूक नाही. त्याच्या डोक्यात फी असते.

मॅगेलन जन्माने पोर्तुगीज. 1505 मध्ये अल्मेडाच्या ताफ्याबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि पोर्तुगीजांच्या बाजूने इकडच्या लढायांत लढला. 1511 मध्ये मलाक्का जिंकणाऱ्या मोहिमेत तो होता. तिथे त्याने एक गुलाम घेतला आणि त्याचं नाव एन्रिके ठेवलं. पुढे पोर्तुगालच्या राजाशी त्याचं बिनसलं, तो स्पेनच्या चाकरीत गेला, आणि पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांना पोचायची वाट शोधायला 1519 मध्ये पाच जहाजं घेऊन निघाला. 1521 च्या मार्चमध्ये तो फिलिपिन्सच्या बेटांपाशी आला. तिथल्या लोकांशी एन्रिके मलय भाषेत बोलला आणि समोरून उत्तर आलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वात मोठा क्षण हाच. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या त्या गोऱ्या माणसांपैकी कुणालाही जे जमलं नाही, ते त्यांच्या गुलामाला जमलं.

7 एप्रिलला जहाजं सेबूला लागली. तिथला राजा हुमाबोन आठवडाभरात ख्रिस्ती झाला. समोरच्या मक्तानवर मात्र लापुलापू नावाचा प्रमुख होता. स्पेनच्या राजाला मानायला त्याने नकार दिला. मॅगेलनने ठरवलं, याला धडा शिकवायचा. हुमाबोनची माणसं होड्या घेऊन बरोबर आली होती, पण मॅगेलनने त्यांना सांगितलं, तुम्ही नुसतं बघा. आमची माणसं कशी लढतात ते पाहा.

पुढचं सगळं आपल्याला कळतं ते अंतोनियो पिगाफेट्टा या इटालियन माणसामुळे. तो त्या लढाईत होता, जखमी झाला, आणि जगातून फेरी मारून परत पोचलेल्या 18 जणांपैकी एक ठरला. 27 एप्रिलच्या पहाटे ते मक्तानला आले तेव्हा पाणी उथळ होतं आणि तळाला खडक होते. होड्या किनाऱ्याला लागेनात. 49 माणसं मांड्यांइतक्या पाण्यात उतरली आणि बाणाच्या दोन टप्प्यांहून जास्त अंतर चालत निघाली. तोफा होड्यांवरच राहिल्या, आणि तिथून त्यांचा मारा किनाऱ्यापर्यंत पोचेना. समोर दीड हजार माणसं होती, असं पिगाफेट्टा म्हणतो. हरलेल्या बाजूचा माणूस शत्रूचा आकडा थोडा फुगवतोच, ते सोडून द्या. महत्त्वाचं वाक्य पुढे आहे. मक्तानच्या लोकांच्या लक्षात आलं की या परक्यांचं अंग चिलखतात आहे आणि पाय उघडे आहेत, म्हणून ते पायांवर नेम धरू लागले. मॅगेलनच्या उजव्या पायात विषारी बाण घुसला. माघार घेता घेता तो पाण्यातच पडला आणि संपला. हुमाबोनने माल देऊ करून त्याचं प्रेत मागितलं. मक्तानने दिलं नाही.

आता आमचं. 2023 च्या फेब्रुवारीत, पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी, आम्ही तिघं मक्तानला गेलो. होस्टेलवर आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारतो, त्यामुळे इथेही तीच नावं चालवतो : शिरपूर, चाळीसगाव आणि मी, धरणगाव. चाळीसगाव मुलगी आहे. पाठीला रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेली. शिरपूरला पोहता येत नाही, आणि ते तो लपवतही नाही.

शनिवारी संध्याकाळी लापुलापूचं स्मारक पाहिलं. एका आवारात दोन वस्तू आहेत. एक स्पॅनिश अमदानीत, 1866 मध्ये, मॅगेलनसाठी उभारलेला दगडी स्तंभ. दुसरा लापुलापूचा पुतळा, हातात तलवार आणि ढाल घेतलेला. मारणारा आणि मरणारा असे एकाच कुंपणात. मला हे फार आवडलं. आपल्याकडे अशा वेळी आधी एक तरी दगड हलवला जातो. स्मारकाच्या मागे गेलं की समुद्र दिसतो, खारफुटी दिसते, आणि तो कसा अगदी साधा, गुडघाभर पाण्याचा किनारा आहे हे पाहून थोडी निराशाच होते.

रविवारी पहाटे आम्ही बांकातून ओलांगो बेटाला निघालो. बांका म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे हात असलेली अरुंद होडी. होडीवाले पन्नाशीचे होते, त्यांना आम्ही मानोंग म्हणत होतो, आपल्याकडे दादा म्हणावं तसं. ओलांगो हे लांबच्या पक्ष्यांचं थांबायचं ठिकाण आहे. सायबेरिया-चीनकडून ऑस्ट्रेलियाकडे जाणारे पक्षी तिथल्या उथळ चिखलात चरतात. पाणथळ जागांच्या रामसर करारात फिलिपिन्सचं पहिलं नाव याच बेटाचं, 1994 सालचं. आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. जिकडे पाहावं तिकडे ओली वाळू, शेवाळ, डबकी, आणि दूरवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे पक्षी. शिरपूर होडीच्या टोकावर उभा राहून म्हणाला, "पानी कोठे गये रे भो?"

मानोंगनी शब्द सांगितला. हुनास. ओहोटीला सेबूआनो भाषेत हुनास म्हणतात, भरतीला ताओब. त्यांनी हाताने आकाशाकडे, मग पाण्याकडे बोट केलं आणि सांगितलं की दहाच्या आत परत या, मी होडी खडकाच्या पलीकडे घेऊन थांबतो, इथे आणली तर बूड फुटेल.

दोन-अडीच तास आम्ही त्या वाळूवर हिंडलो. त्याचं वर्णन करत नाही. फोटो सगळ्यांनी सगळ्या ठिकाणचे पाहिलेले असतात. परतताना आमिहान सुटला होता. आमिहान म्हणजे ईशान्येकडून येणारा हिवाळी वारा. पाणी कुठून येतंय ते दिसत नाही. लाट येऊन फुटते असं काही होत नाही. डबकी एकमेकांना मिळतात, घोट्याएवढं होतं, पिंढरीला लागतं, आणि मग तुम्ही समुद्रात असता. होडी शे-दीडशे मीटरवर होती आणि मधे पोवळ्याचा खडबडीत तळ. पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा मला कळलं की मांडीएवढ्या पाण्यात माणूस चालत नाही, ढकलत जातो. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. एक पाऊल खडकावर, पुढचं खळग्यात. आमच्या अंगावर टी-शर्ट होते, डोक्यावर बॅगा. पिगाफेट्टाच्या माणसांच्या अंगावर लोखंड होतं आणि समोरून भाले येत होते.

शिरपूर खळग्यात गेला. सगळाच गेला, बॅग तेवढी वर. दोन-तीन सेकंद असतील. चाळीसगावने त्याला मागून शर्टाला धरून ओढलं, विहिरीतून घागर काढावी तसं, आणि मी दुसऱ्या बाजूने काखेत हात घातला. मानोंग पाण्यात उडी मारून बांबू पुढे करत आले. त्याला त्या बांबूवर आडवा टाकला तेव्हा तो खोकत होता, आणि खोकता खोकता बॅगेतला फोन तपासत होता. माझ्या टाचेत सागरी साळूचे काटे मोडले होते आणि नडगी पोवळ्याने सोलली होती. परतीच्या प्रवासात कुणी फार बोललं नाही. शिरपूर एकदाच म्हणाला, "घरी सांगू नका."

मक्तानला उतरल्यावर औषधाच्या दुकानात गेलो. आयोडीन मागितलं, चिकटपट्टी मागितली, आणि कापसाकडे बोट दाखवलं. काउंटरमागच्या बाईंनी पुडा समोर ठेवला आणि म्हणाल्या, "गापास?"

मी त्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. गापास. सेबूआनोत कापसाला गापास म्हणतात. उत्तरेकडच्या इलोकानो भाषेत तर सरळ कापास. मलयमध्येही कापास. मूळ आपला संस्कृत कार्पास. तोच पश्चिमेकडे गेला तर ग्रीकांनी कार्पासोस केला. ज्या वस्तूने माझी फी भरली जाते तिचं नाव माझ्या आधी इथे येऊन शेकडो वर्षं राहिलं होतं, आणि मी वॉर्डात इतके महिने ते ऐकूनही ऐकलं नव्हतं, कारण तिथे सगळे इंग्रजीत कॉटन म्हणतात.

असे शब्द इकडे बरेच आहेत. तागालोगमध्ये शिक्षक म्हणजे गुरो, चेहरा म्हणजे मुखा, गरीब म्हणजे दुखा. वनदेवता म्हणजे दिवाता. आशा म्हणजे पाग-आसा, आणि गंमत अशी की देशाच्या हवामान खात्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की पागासा होतं. चक्रीवादळाची सूचना देणाऱ्या खात्याचं नाव आशा. 2021 च्या डिसेंबरात ओदेत वादळाने सेबू झोपवलं तेव्हा आम्ही त्या आशेच्या सूचना मोबाइलवर वाचत बसलो होतो, बॅटरी संपेपर्यंत.

एवढं ऐकलं की आपल्याकडचे काही लोक लगेच मेसेज फिरवतात की लापुलापू हिंदू राजा होता. तसं नाही. हे शब्द बहुतेक करून मलय आणि जावानी लोकांच्या तोंडून, व्यापाराच्या वाटेने आले. शब्द माणसांपेक्षा हलके असतात, त्यांना जहाजात जागा लागत नाही. कापसाला मात्र लागते, आणि त्याचा हिशोब कुणीतरी लिहून ठेवतो. म्हणून मी कापसाच्या मागे लागलो आणि फिरून आमच्याच गावात येऊन पोचलो.

खानदेशाला समुद्र नाही असं आम्ही म्हणतो, पण तापी ऐकत नाही. मुलताईला निघते, जळगाव-धुळ्यातून वाहते, आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा रस्ता याच खोऱ्यातून होता. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडं. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो 1615 मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरला याच मुलखातून गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही ही वाट तुडवली. बुऱ्हाणपूरचं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलंय. आज शिरपूर-चोपडा एसटीत खिडकीशी बसलेल्या माणसाला हे सांगून बघा.

त्या व्यापाराला कापड पुरवणाऱ्या गावांत धरणगाव होतं. 1674 मध्ये इंग्रजांनी तिथे वखार घातली. पुढच्याच वर्षी, 1675 मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटलं. 1679 मध्ये पुन्हा, त्या वेळी चोपडंही. 1685 मध्ये संभाजी महाराजांच्या काळात तिसऱ्यांदा लुटून जाळलं. शाळेत हे शिकताना आम्ही टाळ्या वाजवायचो, कारण मुलूख मोगलांचा होता आणि लूट शत्रूच्या तिजोरीची. हे खरंच आहे. पण माग शत्रूचा नव्हता. दहा वर्षांत तीनदा लुटल्या गेलेल्या गावात विणकर पुन्हा पुन्हा ताणा लावत राहिले असणार, नाहीतर दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी लुटायला काय उरलं होतं? आमच्या गावाच्या इतिहासातली मला सर्वात अभिमानाची वाटणारी गोष्ट ही आहे, आणि तिचा पुतळा कुठे नाही.

सुरतेहून हे कापड पश्चिमेला जायचं तसं पूर्वेलाही. 1644 मध्ये सी हॉर्स नावाचं इंग्रजी जहाज सुरतेहून मनिलाला निघालं, आणि तिथून इंग्रजांचा फिलिपिन्सशी व्यापार सुरू झाला. मनिला स्पेनच्या ताब्यात, इंग्रजांना तिथे उघडपणे यायला मनाई. मग मद्रास आणि सुरतेचे इंग्रज व्यापारी आर्मेनियन, पोर्तुगीज किंवा हिंदुस्थानी मालकाच्या नावाने माल पाठवू लागले. मनिलाच्या अधिकाऱ्यांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. त्यांनाही कापड हवं होतं. मोबदल्यात मिळायची मेक्सिकोची चांदी. ती अकापुल्कोहून दरवर्षी मोठ्या गलबतांतून मनिलाला येत असे. हा क्रम 1565 पासून 1815 पर्यंत चालला. हिंदुस्थानचं सुती कापड याच गलबतांतून उलट मेक्सिकोपर्यंत गेलं. पुढे 1762 मध्ये इंग्रजांनी मद्रासहून फौज आणून मनिलाच जिंकली आणि 1764 मध्ये सोडली. त्या फौजेतले काही हिंदुस्थानी शिपाई परत गेलेच नाहीत. मनिलाजवळच्या कायंता गावात त्यांनी घरं केली, लग्नं केली. परदेशात जाऊन तिथेच राहून गेलेल्या पोरांची ही यादी बरीच जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात कापड मागे पडलं आणि खानदेशातून नुसता कापूस जाऊ लागला. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि इकडे भाव कडाडले. जळगाव बाजारपेठ म्हणून वर आलं ते त्याच चार-पाच वर्षांत. युद्ध संपलं तसे भाव कोसळले. वर गेलेल्या भावावर विसंबून कर्ज काढलेल्यांचं काय झालं असेल, ते सांगायला खानदेशात इतिहासकार लागत नाही.

रविवारी रात्री घरी फोन केला. काट्यांचं सांगितलं नाही. आप्पांनी 2022 च्या सुरुवातीला कापसाला क्विंटलमागे 10,000 च्या वर गेलेला भाव पाहिला होता. त्यामुळे नवा कापूस निघाला तेव्हा त्यांनी विकला नाही. गावात बहुतेकांनी नाही विकला. पुढच्या खोलीत कापूस, ओसरीवर कापूस, जिन्याखाली कापूस. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव 6,380 होता, व्यापारी 8,000 च्या आसपास मागत होते, आणि आप्पा म्हणत होते, थांबू अजून. साठवलेल्या कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते. आई महिनाभर रात्री अंगाला खोबरेल चोळून झोपत होती. माझी फी डॉलरमध्ये. मी आलो तेव्हा डॉलर 74 च्या आत होता, आता 82 झाला होता. बँकेच्या कर्जाचा पुढचा हप्ता मिळायला आमचा हिस्सा आधी भरावा लागतो.

मी म्हणालो, "आप्पा, इकडे कापसाला गापास म्हणतात."

"भाव काय म्हणतात?" आप्पांनी विचारलं.

इकडे कुणी कापूस पिकवत नाही आता, औषधाच्या दुकानात पुड्यात मिळतो, असं सांगितलं. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मार्च बघतो."

मार्च गेला. एप्रिल गेला. मे महिन्यात 7,000 च्या जवळपास कापूस गेला, ट्रॅक्टरमधून दोन खेपांत. फी भरली, पण भाऊबंदांकडून थोडे उसने घेऊन. घर मोकळं झालं, आईची खाज गेली. शिरपूरने त्या उन्हाळ्यात पोहण्याचा क्लास लावला, आणि आता तो आम्हाला फ्रीस्टाइलबद्दल व्याख्यानं देतो.

या सगळ्या वाचनात मला सर्वात जास्त गुंतवून ठेवलं ते एका तांब्याच्या पत्र्याने. 1989 मध्ये मनिलाजवळच्या लागुना प्रांतात नदीमुखाशी वाळू उपसताना तो एका माणसाला सापडला. आज तो मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पाटीएवढा, पातळ, त्यावर कावी लिपीत दहा ओळी. आंतोन पोस्टमा या डच अभ्यासकाने त्या वाचल्या. फिलिपिन्समध्ये सापडलेला हा सर्वात जुना तारीख घातलेला लेख. भाषा जुनी मलय, मधे मधे संस्कृत शब्द. आणि तारीख अशी की आमच्या घरातल्या भिंतीवरच्या पंचांगात शोभावी : शके 822, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन 900. शिवाजी महाराजांच्याही आधी सात-आठशे वर्षं, समुद्रापलीकडे, कुणीतरी आपल्यासारखंच वद्य-शुद्ध मोजत होतं.

त्यात ना राजाची स्तुती आहे ना लढाई. ती कर्जफेडीची पावती आहे. नामवरान नावाच्या एका मान्यवराचं सोन्यातलं कर्ज, एक काती आणि आठ सुवर्ण एवढं, माफ झालं. अंगकातान ही त्याची मुलगी आणि बुकाह हा तिचा भाऊ, दोघांना ही पावती देण्यात आली. आसपासच्या ठिकाणांचे प्रमुख साक्षीला आहेत. पुढे लिहिलंय की नामवरानची मुलंबाळं, नातवंडंही या कर्जातून मोकळी. आणि शेवटी, पुढच्या काळात जर कुणी येऊन म्हणालं की हे कर्ज अजून फिटलेलं नाही, तर त्याच्यासाठी हा लेख, असं सांगता सांगता पत्रा संपतो आणि वाक्य अर्धंच राहतं.